पोरांचा खेळ व बापांचा दंड

पावसाळा सरत आला म्हणजे तालुक्याच्या ठिकाणी शाळांचे सामने सुरू होतात, आणि पुढे सुगी आटोपून जत्रांचे दिवस आले म्हणजे गावोगाव कबड्डीची मैदाने आखली जातात. ह्या सामन्यांस आपल्या मंडळ्यांतील मुले-मुली जातात, त्यांच्यामागून आईबाप जातात, आणि पंच कमी पडला म्हणजे पुष्कळदा गावच्या मास्तराला किंवा उपदेशकालाच शिटी हाती घ्यावी लागते. कारण हा मनुष्य कोणाच्या बाजूचा नव्हे असा लोकांचा समज असतो. तेव्हा खेळणारा, पाहणारा व निवाडा करणारा ह्या तिघांनी मैदानावर कसे वागावे हा प्रश्न पोरखेळ म्हणून सोडून देण्याजोगा नाही. आजच्या धड्यात त्याचा विचार करावयाचा आहे.

ग्रीक लोकांच्या खेळांची ओळख आपणांस पवित्र शास्त्रातून झालेलीच आहे. प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिताना धावणाऱ्याचा व मुष्टियुद्ध करणाऱ्याचा दाखला घेतला. करिंथाजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरत असत आणि ते त्या लोकांच्या परिचयाचे होते. ह्याहून मोठे खेळ दर चौथ्या वर्षी ऑलिंपिया येथे होत. तेथे मैदानात शिरण्याच्या वाटेवर ज्यूस ह्या दैवताच्या ब्राँझच्या मूर्ती एका रांगेत उभ्या होत्या. कोणी नवस फेडला म्हणून त्या उभारलेल्या नव्हत्या. खेळात लाच देताना किंवा घेताना जे सापडले, त्यांच्याकडून वसूल केलेल्या दंडाच्या पैशांतून त्या ओतविल्या होत्या. पहिल्या सहा मूर्ती इ. स. पू. ३८८ ह्या वर्षीच्या लबाडीच्या होत. थेसली प्रांतातील एका मुष्टियोद्ध्याने आपल्या तीन प्रतिस्पर्ध्यांस पैसे चारले होते. मूर्ती आता उरल्या नाहीत, परंतु त्यांचे दगडी चौथरे आजही तेथे पाहावयास मिळतात.

ह्या रांगेची हकीकत पौसानिआस नावाच्या ग्रीक प्रवाशाने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात लिहून ठेविली आहे, आणि तीतील एक प्रकरण आपल्या विषयाच्या अगदी गाभ्याचे आहे. इ. स. पू. १२ ह्या वर्षी कुस्तीच्या मानासाठी दोघांचे पुत्र एकमेकांसमोर उभे राहावयाचे होते. एकाचा बाप डॅमोनिकस हा एलिस नगरचा, म्हणजे ज्या नगराकडे ह्या खेळांची सर्व व्यवस्था होती त्याच नगराचा रहिवासी. दुसरा बाप सोसान्डर हा स्मुर्णा नगरचा. आपल्या मुलालाच मान मिळावा म्हणून डॅमोनिकसने मुलाच्या प्रतिस्पर्ध्याला नव्हे, तर त्या प्रतिस्पर्ध्याच्या बापाला लाच दिली. गोष्ट उघडकीस आली. पंच एलिसचेच होते. अपराधी त्यांच्याच गावचा. तरी त्यांनी त्याला सोडले नाही. आणि विशेष हे की, दंड त्यांनी मुलांवर बसविला नाही, दोन्ही बापांवर बसविला. कारण, पौसानिआस म्हणतो, खरा अपराध त्यांचाच होता.

त्या पंचांचा हा निवाडा वाचकांनी नीट मनात ठेवावा. मुलांच्या खेळात जे बिघडते त्याचा उगम बहुतेक वेळा मुलांत नसतो, असे ते समजून होते. ह्याच समजुतीने ऑलिंपिया येथे सामन्यांपूर्वी शपथ घेण्याची रीत होती. ती केवळ खेळाडूच घेत नसत. खेळाडू, त्यांचे बाप, त्यांचे भाऊ व त्यांना शिकविणारे उस्ताद, अशा सर्वांना आपण खेळात कपट करणार नाही अशी शपथ वाहावी लागे. कुमारांच्या गटात कोणास घ्यावे हे जे ठरवीत, त्यांनाही आपण लाच न घेता न्यायाने निर्णय देऊ अशी वेगळी शपथ होती. दैवत त्यांचे, विधी त्यांचा. तो आपला नव्हे. परंतु मैदानावरील मुलाच्या वर्तनाला किती माणसे जबाबदार असतात ह्याची त्यांनी केलेली गणती पाहता, दोन हजार वर्षांत तीत भर घालण्यासारखे फारसे काही सापडलेले नाही.

आता आपल्या काळाकडे येऊ. कुमारांच्या गटात कोणास घ्यावे हाच आजही पहिला तंटा आहे. आपल्या राज्यात क्रीडा व युवक सेवा संचालनालयातर्फे शाळांचे सामने १४, १७ व १९ वर्षांखालील अशा गटांत तालुक्यापासून राज्यापर्यंत भरतात. वरच्या पायरीवर पोहोचलेल्या मुलास दहावी-बारावीच्या परीक्षेत क्रीडागुण मिळू शकतात, आणि सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी राखीव जागाही आहेत. म्हणजे एका प्रमाणपत्रावर पुष्कळ काही अवलंबून आहे, आणि जेथे असे असते तेथे जन्मतारखेला पाय फुटतात.

येथे एक भेद केला पाहिजे. जुन्या पिढीतील असंख्य लोकांची जन्मतारीख १ जून अशी लिहिलेली आढळते. शाळेत नाव घालावयास आलेल्या बापाला तारीख ठाऊक नसे, तो पेरणीवरून किंवा पुरावरून सांगे, आणि मास्तर अंदाजाने वर्ष धरून १ जून लिहीत. त्यात अज्ञान होते, कपट नव्हते. परंतु हल्ली मूल जन्मताच नोंद होते. तरीही कोणी एक शाळा सोडवून दुसऱ्या शाळेत नवा दाखला करितो व दोन वर्षे खाली उतरवितो, तर त्याला अंदाज म्हणता येणार नाही.

असा एक प्रकार २००१ साली अमेरिकेत सर्व जगापुढे आला. तेथे बेसबॉल ह्या खेळाचे मुलांचे मोठे सामने पेनसिल्व्हेनिया राज्यातील विल्यम्सपोर्ट येथे दर वर्षी भरतात. ह्या गटात १२ वर्षांपर्यंतची मुलेच घेतात. न्यू यॉर्क शहरातील एका संघाच्या मुलाने एका सामन्यात असा चेंडू टाकला की, विरुद्ध बाजूच्या एकाही फलंदाजाला पहिल्या ठाण्यापर्यंत पोहोचता आले नाही. १८ पैकी १६ जणांना त्याने एकट्याने बाद केले. वर्तमानपत्रांनी त्याला डोक्यावर घेतले. पुढे त्याच्या जन्मगावच्या दप्तरातून निघाले की, त्याचा जन्म १९८९ चा नसून १९८७ चा होता, म्हणजे तो १४ वर्षांचा होता. संघाची सर्व कामगिरी रद्द झाली. मुलाच्या पित्याला व संघाच्या संस्थापकाला त्या संस्थेने कायमचे बाहेर काढले. ऑलिंपियाच्या पंचांप्रमाणेच येथेही दंड बापावर पडला. त्या मुलाचे नाव मी मुद्दाम देत नाही. जगभर ते पुरेसे घेतले गेले आहे, आणि जन्माचा दाखला काही त्याने लिहिला नव्हता.

कोणी म्हणेल, दोन वर्षांनी असे काय बिघडते? कबड्डीत काय बिघडते ते सांगतो. तेरा वर्षांच्या मुलाची हाडे आणि पंधरा वर्षांच्या मुलाची हाडे ही एक नव्हत. मोठ्याने धाकट्याची पकड केली, वर आणखी दोघे पडले, तर खांदा निखळतो, कोपर मोडते. म्हणूनच शालेय कबड्डीत वयाबरोबर वजनाचीही मर्यादा असते. (ती मर्यादा चुकविण्यासाठी मुलाला आदल्या रात्री उपाशी झोपविणारे पालकही असतात, आणि सकाळी त्याच रिकाम्या पोटी त्याने दम घुमवावा अशी त्यांची अपेक्षा असते.) शिवाय ज्या धाकट्या मुलाची संघातील जागा गेली तो कोणाच्याच लक्षात राहत नाही. राहुल द्रविड ह्यांनी डिसेंबर २०१५ मध्ये दिल्ली येथे पतौडी स्मृती व्याख्यान देताना ह्या वयचोरीवर कडक बोट ठेविले होते. खोट्या वयाचा मुलगा अधिक गुणी असतो असे नाही, तो केवळ अंगाने मोठा असतो. आणि खऱ्या वयाचा मुलगा मागे पडतो, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. त्याहून गंभीर गोष्ट त्यांनी ही दाखविली की, अशा मुलाला खोटे बोलण्याचा पहिला पाठ त्याची वडीलधारी माणसेच देतात.

वयाचा प्रश्न कागदावरचा. आता मैदानाच्या कडेकडे पाहू.

एका तालुक्याच्या गावी १४ वर्षांखालील मुलांचा सामना मी पाहत होतो. एक मुलगा चढाईस गेला. त्याचा बाप डावीकडून ओरडत होता, 'बोनस घे, बोनस घे!' चुलता उजवीकडून ओरडत होता, 'माघारी फीर!' आणि संघाचे मास्तर तिसरेच काही सांगत होते. पोर मध्येच थबकले, त्याचा दम तुटला, आणि पंचाने त्याला बाद दिले. त्याने पंचाकडे पाहिले नाही, खेळगड्यांकडेही पाहिले नाही; प्रथम बापाच्या तोंडाकडे पाहिले. बापाने तोंड फिरविले. त्या दिवसानंतर मी असे सामने पाहताना खेळापेक्षा बाद झालेली मुले कोठे पाहतात हेच अधिक पाहू लागलो. बहुतेक मुले आधी कडेला पाहतात. कडेला कोणी हसून हात हालविला तर ती पळत जाऊन आपल्या जागी बसतात. कडेला शिव्या चाललेल्या असल्या तर तीही पंचाकडे वळून हातवारे करू लागतात. पंचाशी कसे वागावे हे त्यांना कोणत्याही पुस्तकातून शिकावे लागत नाही.

बापाचा राग कोठवर जातो ह्याचे दोन दाखले देतो; दोन्ही न्यायालयांत सिद्ध झालेले आहेत. ५ जुलै २००० रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात रेडिंग ह्या गावी लहान मुले बर्फावरील हॉकीचा सराव करीत होती. सामनाही नव्हता, नुसता सराव. मुले फार आडदांडपणे खेळत आहेत म्हणून एक बाप रागावला आणि मुलांवर देखरेख करीत असलेल्या दुसऱ्या एका बापाशी भांडला. भांडणाची मारामारी झाली. मुलांच्या देखत त्याने त्याला इतके मारले की तो मनुष्य पुढे मरण पावला. जानेवारी २००२ मध्ये मारणाऱ्यास सदोष मनुष्यवधाबद्दल ६ ते १० वर्षांची शिक्षा झाली. खेळात दांडगाई होऊ नये ह्या मुद्द्यावरून ते भांडण निघाले होते, हे विसरू नये. मुद्दा बरोबर असला म्हणजे मनुष्य आपल्या रागाला मोकळे रान देतो.

दुसरी गोष्ट हॉलंड देशातील आल्मेरे येथील. २ डिसेंबर २०१२ रोजी कुमारांचा फुटबॉलचा सामना होता. यजमान संघातील एका मुलाचा बाप रेषापंच म्हणून हाती निशाण घेऊन उभा होता. पगारी नव्हे, रविवारची सुटी खर्चून आलेला. सामना संपल्यावर पाहुण्या संघातील काही मुलांनी त्याला खाली पाडून लाथांनी तुडविले. दुसऱ्या दिवशी तो वारला. त्या देशाच्या फुटबॉल संघटनेने पुढच्या शनिवार-रविवारी हौशी संघांचे सर्व सामने रद्द केले. जून २०१३ मध्ये न्यायालयाने सहा मुलांना व त्यांच्याबरोबर एका मुलाच्या पित्याला मनुष्यवधाबद्दल दोषी ठरविले. ह्या पित्याला ६ वर्षांची शिक्षा झाली. त्या गर्दीत मुलांना मागे ओढण्याचा ज्याला अधिकार होता, तोच त्यांच्याबरोबर मारणाऱ्यांत उभा होता.

आपल्याकडे असे होणार नाही, असे कोणी म्हणू नये. गावातील भावकीचे वैर, जुन्या निवडणुकीचे वैर, वस्ती-वस्तीचे वैर, ही सर्व मैदानाभोवती उभी असतात आणि चुनखडीच्या रेषेवरून कोणाचा पाय गेला ह्याची वाट पाहत असतात. मुलांना त्या वैराचे मूळही ठाऊक नसते.

पंचाविषयी थोडे अधिक लिहिणे जरूर आहे, कारण आमचे पुष्कळ वाचक त्या जागी उभे राहतात. कबड्डीत एक सरपंच, दोन पंच व गुण लिहिणारे असतात. पंचाचे काम बाहेरून वाटते तितके सोपे नाही. चढाई ३० सेकंदांची. तेवढ्यात 'कबड्डी कबड्डी' हा दम अखंड चालला आहे की नाही हे कानाने ऐकावयाचे. हात कोणाच्या अंगाला लागला हे डोळ्याने पाहावयाचे. आणि बोनस रेषा ओलांडणाऱ्याचा मागचा पाय त्या क्षणी जमिनीवरून उचललेला होता की नाही, व समोर निदान सहा गडी होते की नाही, हेही त्याच वेळी ध्यानात घ्यावयाचे. हे सर्व एका माणसाला प्रत्येक वेळी अचूक दिसेल, असे कोणीही शपथेवर सांगू शकणार नाही. म्हणून प्रामाणिक पंचही चुकतो. त्याची चूक आणि लबाड पंचाचा पक्षपात ह्यांत फरक आहे. परंतु कडेवरून ओरडणारास तो दिसत नाही, आणि पंचाच्या वागण्यात जर काही संशयास्पद असेल तर तो दिसणारही नाही.

ह्यासाठी पंचाने आधीच काही गोष्टी टाळाव्या. सामन्याच्या दिवशी एका संघाच्या घरी जेवावयास बसू नये. आग्रह झाला तर दोन्ही संघांबरोबर मैदानावरच चहा घ्यावा. ज्या संघात आपला भाचा किंवा पुतण्या आहे त्या सामन्याला शिटी दुसऱ्याच्या हाती द्यावी. निर्णय एकदाच व मोठ्याने सांगावा. शंका असल्यास सोबतच्या पंचाला विचारावे, त्यात कमीपणा नाही. परंतु गर्दीचा आवाज वाढला म्हणून निर्णय फिरवू नये. आणखी एक खोड चांगल्या चांगल्या पंचांत आढळते. आपण मघाशी एका बाजूवर अन्याय केला असे मनात आले म्हणजे ते पुढच्या चढाईत त्या बाजूला एक गुण देऊन फिटंफाट करितात. त्यांना ती दया वाटते. पण पहिली चूक डोळ्यांची होती, ही जाणूनबुजून केलेली आहे. खेळाडू मर्यादा सोडील तर नियमांत हिरवे कार्ड ताकिदीचे, पिवळे दोन मिनिटे बाहेर बसविण्याचे व तांबडे काढून टाकण्याचे आहे. मैदानात शिरणाऱ्या पालकासाठी मात्र कार्ड नाही. तेथे सरपंचाने खेळ थांबवावा आणि तो मनुष्य कडेला जाईपर्यंत सुरू करू नये. एलिसच्या पंचांनी आपल्याच गावच्या माणसाला दंड केला. त्यांना रात्री त्याच गल्लीतून घरी जावयाचे होते.

खेळाडूकडेही काही आहे. चढाई करणाऱ्याचा हात आपल्या अंगाला लागला की नाही, हे पंचाच्या आधी स्वतः गड्याला कळते. पंचाला दिसले नसले तरी आपणहून हात वर करून बाहेर जाणारा मुलगा मी पाहिला आहे. त्याच्या संघातील मोठ्या मुलांनी त्याला वेडा म्हटले तेही ऐकले आहे. अशा मुलाला घरी गेल्यावर बाप काय म्हणतो, त्यावर पुढचा सामना ठरतो.

सचिन तेंडुलकर ह्यांच्या लहानपणची एक गोष्ट येथे उपयोगी पडेल. ती त्यांनी स्वतःच सांगितलेली आहे. मुंबईच्या शाळांच्या क्रिकेट सामन्यांत ३० किंवा अधिक धावा करणाऱ्या मुलांचीच नावे वर्तमानपत्रांत येत. एका सामन्यात त्यांच्या २४ झाल्या. धावा लिहिणाऱ्याने अवांतर धावांतील ६ काढून त्यांच्या नावावर मांडल्या, आणि दुसऱ्या दिवशी नाव छापून आले. संघाची एकूण बेरीज तीच राहिली होती. कोणी जिंकला नाही, कोणी हरला नाही. तरी त्यांचे गुरुजी रमाकांत आचरेकर ह्यांना हे कळताच ते रागावले, आणि पुन्हा असे होऊ द्यावयाचे नाही असे मुलाला बजावले. पुष्कळ मास्तर म्हणाले असते, पोराचे नाव आले, शाळेचे नाव आले, सहा धावांचे काय घेऊन बसलात? मुलाला त्या वयात असे सांगणारा मनुष्य भेटला नाही, हे त्याचे भाग्य.

मुलींविषयी दोन शब्द वेगळे लिहावे लागतात. खो-खो व कबड्डी ह्या दोन्ही खेळांत आपल्या खेड्यांतील मुली उत्तम खेळतात. परंतु त्यांच्या सामन्याच्या वेळी कडेला ओरडणारा बाप नसतो, कारण तो आलेलाच नसतो. मुलाच्या सामन्याला बैलगाडी, मोटार, जे मिळेल ते करून जाणारा मनुष्य मुलीच्या सामन्याच्या दिवशी बाजाराला जातो. अतिरेक हा जसा एक दोष, तसा हा दुसरा. आईने तरी जावे. नियम कळले नाहीत तरी चालेल. मुलीने बाद झाल्यावर कडेला पाहिले असता तेथे आपले माणूस दिसावे, एवढेच.

घरी परतताना पहिला प्रश्न 'जिंकलास का?' हा नसावा. 'पाय लचकला होता तो कसा आहे?', 'समोरचा तो उंच मुलगा चांगला खेळला, नाही का?' असे काही विचारावे. हरलेल्या मुलाला तर वाटेत काहीच विचारू नये. पाणी द्यावे, खाऊ घालावे, झोपू द्यावे. पंचाच्या निर्णयाची उलटतपासणी जेवणाच्या ताटावर करू नये.

हा धडा तरुणांच्या सभेत घेणाऱ्याने शेवटी पुढील प्रसंग सभेपुढे मांडावा आणि उत्तर स्वतः न सांगता प्रत्येकास बोलू द्यावे. तुमच्या गावच्या शाळेचा संघ जिल्ह्याच्या अंतिम सामन्यास पोहोचला आहे. सामना उद्या सकाळी आहे. संघातील सर्वांत चांगल्या गड्याचे वय अर्जात दोन वर्षांनी कमी लिहिले आहे, हे तुम्हांस आज संध्याकाळी कळले. अर्जावर सही मास्तरांची आहे, मुलगा तुमच्या नात्यातला आहे, आणि त्याच्याऐवजी जो मुलगा बाहेर बसला तो शेजारच्या वस्तीवरचा आहे. रात्र होण्यापूर्वी तुम्हांस एकाच घरी जाता येईल: मुलाकडे, मास्तरांकडे की बापाकडे? आणि दारात उभे राहून पहिले वाक्य कोणते बोलाल?